आईंना बालगंधर्व रंगमंदिरात नेताना

सोलापूरहून येणाऱ्या ७२ वर्षांच्या आईंना पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात प्रथमच संगीत नाटक दाखवायचे आहे, त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा तिकिटे कुठली काढावीत आणि किती आधी पोहोचावे, असे आपण विचारले आहे.

तिकिटे खालचीच काढावीत, बाल्कनीची नकोत. काही वर्षांपूर्वी मी वडिलांना बाल्कनीत बसवले होते. जिना चढताना ते काही बोलले नाहीत, परंतु मध्यंतरात ते जागचे उठलेच नाहीत, तेव्हा त्यांना किती त्रास झाला हे मला कळले. त्याची रुखरुख अजून आहे. खाली पाचव्या ते दहाव्या रांगेतील कडेची खुर्ची मिळाल्यास पाय मोकळा करता येतो. अगदी पहिली रांग मात्र संगीत नाटकाला टाळावी, असे माझे मत आहे. ऑर्गन आणि तबला बहुधा रंगमंचाच्या पुढ्यातच असतात, त्यामुळे तिथे साथ मोठी ऐकू येते आणि पदाचे शब्द तिच्याखाली दबतात.

मेट्रोचे छत्रपती संभाजी उद्यान स्थानक जवळ आहे, तरी आईंना रिक्षाने थेट फाटकापर्यंतच आणावे.

तिसऱ्या घंटेच्या, म्हणजे नाटक सुरू होण्याच्या, किमान अर्धा तास आधी पोहोचावे, आणि ते केवळ गर्दीसाठी नव्हे. आत चित्रकार गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली, स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले गायक-नट बालगंधर्व यांची दोन पूर्णाकृती तैलचित्रे आहेत, एक पुरुषवेषातील आणि दुसरे स्त्रीवेषातील. नाट्यसंगीतावर जीव असलेल्या माणसाला ती निवांत पाहू द्यावीत. या वास्तूची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसवली गेली, बांधकामात पु. ल. देशपांडे यांनी जातीने लक्ष घातले, आणि उद्घाटन २६ जून १९६८ रोजी, म्हणजे बालगंधर्वांच्या जन्मदिनी झाले. ते पाहायला मात्र बालगंधर्व नव्हते, आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते. चित्रांसमोर उभे असताना आईंना हे अवश्य सांगावे.

मध्यंतरात बटाटेवड्यासाठी झुंबड उडते; आईंना जागेवरच बसू द्यावे आणि चहा आपण आणून द्यावा.

पडदा पडल्यावर गर्दी ओसरेपर्यंत थांबावे. त्यानंतर रंगपटाकडे, म्हणजे कलाकारांच्या रंगभूषेच्या खोलीकडे, जाऊन कलाकारांना भेटण्याची रीत जुनी आहे, आणि रंग उतरवता उतरवताही ते ज्येष्ठ प्रेक्षकांशी आपुलकीने बोलतात. कोणते पद आवडले, हे तिथे आईंनाच सांगू द्यावे.