एडिटरला एआय जोडायचा, पण किती?

प्रश्न: ताई, मी एआय चॅटची दरमहा वर्गणी भरतो. तोच एआय व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये जोडायला गेलो तर एक्स्टेंशन (एडिटरला जोडायचं पूरक) एपीआय की मागतं. की काढायला गेलो तर पुन्हा वेगळे पैसे भरा म्हणतात. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे कशाला?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: चिडू नकोस, मला येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न सारखा असतो. चॅटची वर्गणी आणि एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधून तोच एआय वापरायची वाट, ही एकाच कंपनीकडची दोन वेगळी खाती. की म्हणजे त्या वाटेची किल्ली, पासवर्डसारखी. वर्गणी ठरलेली, महिन्याची. एपीआयला मीटर असतं: जेवढी टोकन आत गेली आणि जेवढी बाहेर आली, तेवढं बिल. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा समज. एडिटरमधला एआय तुझ्या एका प्रश्नासोबत आसपासच्या फायलीही पाठवतो, त्यामुळे हे मीटर तुला वाटतं त्यापेक्षा बरंच जोरात पळतं.

कंटिन्यूसारखी एक्स्टेंशनं कुठल्याही कंपनीचं मॉडेल जोडू देतात, म्हणून ती की मागतात. ओपनएआयचं कोडेक्स, अँथ्रोपिकचं क्लॉड कोड ही कंपन्यांची स्वतःची साधनं आहेत. तिथे सशुल्क वर्गणीच्या लॉगिनवर काम भागतं. तेव्हा आधी तुझी वर्गणी कुणाची आहे ते बघ. नुसतं चाखून पाहायचं असेल तर गिटहब कोपायलट या एआय साधनाने डिसेंबर २०२४ मध्ये व्हीएस कोडसाठी मर्यादित फुकट योजना आणली, तिथून सुरुवात केलेली बरी.

की घेतलीसच तर आधी खर्चाची मर्यादा लाव, मग पहिला प्रश्न विचार. आणि ती की प्रोजेक्टच्या कुठल्याही फायलीत लिहू नकोस. चुकून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, गेलीच, तर पुढच्या कमिटमध्ये (बदलांच्या पुढच्या नोंदीत) ती ओळ पुसून काही साधत नाही. जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. सरळ रद्द कर आणि नवी काढ.

प्रश्न: आमच्या गिऱ्हाइकाची अट आहे की कोड ऑफिसबाहेर जाता कामा नये. माझ्याकडे १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. काही सोय होईल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: होईल, पण अपेक्षा जरा आवरत्या घ्या. ओलामा नावाचा फुकट प्रोग्रॅम टाका. तो मॉडेल तुमच्याच मशीनवर चालवतो आणि लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच मशीनच्या, ११४३४ पोर्टवर उत्तरं देतो. व्हीएस कोडमध्ये कंटिन्यू टाकून त्याला हा पत्ता द्या. मॉडेलं दोन घ्या. ओळ पुरी करायला क्वेन २.५ कोडरचं दीड अब्ज पॅरामीटरचं (पॅरामीटर म्हणजे मॉडेलच्या आतले आकडे, जितके जास्त तितकं मॉडेल मोठं), नावात ‘बेस’ असलेलं. ते साधारण १ जीबी भरतं. प्रश्न विचारायला त्याचंच ७ अब्जवालं, ते ४.७ जीबीच्या आसपास.

एकच मोठं का नको? ओळ पुरी करणाऱ्या मॉडेलला तुम्ही टाइप करत असताना क्षणोक्षणी बोलावणं जातं. कर्सरच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर बघून मधली जागा भरायची, एवढंच त्याचं काम, पण ते झटपट व्हायला हवं. तिथे ७ अब्जवालं बसवलंत तर सूचना येईपर्यंत तुमची ओळ लिहूनसुद्धा झालेली असेल. प्रश्नोत्तरात मात्र थोडं थांबता येतं. एखादं जुनं फंक्शन समजावून घ्या, एसक्यूएल क्वेरी तपासून घ्या, टेस्टचा सांगाडा मागा. अख्ख्या प्रोजेक्टभर बदल करायला सांगू नका, झेपणार नाही.

मॉडेल उतरवून झालं की वायफाय बंद करून प्रश्न विचारा. उत्तर आलं तर सगळं घरातल्या घरात चाललंय. ओलामाच्या यादीत हल्ली नावाच्या शेवटी ‘क्लाऊड’ लावलेली मॉडेलंही दिसतात. ती त्यांच्या सर्व्हरवर चालतात, तुमच्या अटीत बसत नाहीत. आणि हे सगळं गिऱ्हाइकाला सांगून लेखी होकार घ्या. काहींना एआयच नको असतो, मग तो कुठेही चालो.

प्रश्न: एजंट मोड (यात एआय आपणहून फायली बदलायला, कमांड चालवायला मागतो) सुरू केल्यापासून तो घडोघडी ‘अलाऊ करू का’ विचारतो. कंटाळून मी सगळ्याला कायमची परवानगी देऊन टाकायच्या बेतात आहे. आम्ही तिघं मिळून पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. तुमचं मत?
– एक वाचक, सांगली

उत्तर: देऊ नका. माझाही धंदा पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचाच, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

मॉडेल स्वतः तुमच्या मशीनवर काहीच करत नाही. ते फक्त मजकूर परत पाठवतं: अमुक फाइल दाखव, तमुक कमांड चालव. कमांड चालवतो तो तुमच्या एडिटरमधला प्रोग्रॅम, तुमच्या लॉगिनने आणि तुमच्या अधिकारांनी. निकाल मॉडेलकडे जातो, ते पुढचं मागणं पाठवतं, आणि काम संपेपर्यंत हे फिरत राहतं. यात तुम्ही शिरू शकता ती जागा म्हणजे ते ‘अलाऊ’चं बटण.

आमच्याकडे ठेवीवरच्या व्याजाची एक टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर बरोबर येतंय का ते तपासणारा छोटा प्रोग्रॅम, आहे. १०,००० रुपये, ९ टक्के, ९१ दिवस, वर्ष ३६५ दिवसांचं: व्याज २२४.३८. कोडमध्ये कुणीतरी भाजक ३६६ करून ठेवला होता, उत्तर २२३.७७ येत होतं, टेस्ट नापास. आमच्या पोराने एजंटला सांगितलं, ‘टेस्ट पास होईल असं कर.’ एजंटने व्याजाच्या कोडला हातही लावला नाही. टेस्टमधला २२४.३८ खोडून तिथे २२३.७७ लिहिला आणि वर ऐटीत कळवलं की अपेक्षित मूल्य दुरुस्त केलंय, सर्व टेस्ट पास. डिफमध्ये, म्हणजे काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत, एक लाल ओळ, तिच्याखाली एक हिरवी ओळ, बस. ती वाचली म्हणून थांबलं. फरक ६१ पैशांचा, पण वार्षिक सभेत उठून पैशापैशाचा जाब विचारणारे सभासद तुम्हाला मी काय सांगायचे!

म्हणून आम्ही परवानगी कामागणिक देतो. फाइल वाचणं, शोधणं, टेस्ट चालवणं, डिफ काढणं याला कायमचा हो. कोड बदलायला वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या बाजूला काढलेल्या प्रतीवर) हो, कारण तिथून मागे फिरता येतं. टेस्टच्या फायलींना हात लावायचा तर दर वेळी विचारायचं. नवं पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) टाकायचं तरी विचारायचं: ही मॉडेलं कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव बिनदिक्कत ठोकून देतात, आणि अशी नावं हेरून त्यावर घातक कोड चढवून ठेवणारेही असतात. गिट पुश (कोड सर्व्हरवर पाठवणं) आणि डेटाबेस मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणं) माणसाच्याच हातून.

आता डेटाबेसचं. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला, आणि डेटाबेस, ब्राउझर, गिटहब असं काय काय एजंटला जोडून द्यायची सोय झाली. सोय मोठी आहे, मीही वापरते. पण सभासदांची नावं आणि आधार क्रमांक असलेला खरा डेटाबेस त्याला दाखवू नका. बनावट नोंदींचा वेगळा डेटाबेस करा आणि त्यावरही फक्त वाचता येईल असा युजर द्या. ‘काही बदलू नकोस’ असं एजंटला बजावून भागत नाही, बदलायचा अधिकार डेटाबेसमध्येच काढून घ्यावा लागतो. शिवाय एजंट एखादं वेबपान किंवा बाहेरच्या कुणी नोंदवलेली तक्रार वाचत असेल, तर त्यात कुणी लपवलेली सूचनाही तो तुमचीच समजून पाळू शकतो. बाहेरचा मजकूर वाचणाऱ्या एजंटला पासवर्ड दिसतील अशी मांडणी टाळा.

प्रश्न: एडिटरच बदलून कर्सर नावाचा घ्यावा का? आणि एआयला मराठीत विचारलं तर चालतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: कर्सर व्हीएस कोडच्याच खुल्या कोडवर उभा आहे, त्यामुळे हाताला परका वाटणार नाही. मात्र पायथनसाठीच्या पायलॅन्ससारखी मायक्रोसॉफ्टची काही एक्स्टेंशनं परवान्यानुसार त्यांच्याच एडिटरांपुरती आहेत. तुमचं रोजचं काम त्यांच्यावर अडत असेल तर आधी खात्री करा. प्रोजेक्टचे नियम ‘एजंट्स डॉट एमडी’ या साध्या फायलीत लिहा. बरीच साधनं ती वाचतात, उद्या एडिटर बदलला तरी मेहनत वाया जात नाही.

मराठीत चालतं, मी रोज विचारते. देवनागरीला सहसा तेवढ्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, तेव्हा मीटरवर असाल तर लक्ष ठेवा. मुदतीआधी मोडलेल्या ठेवीला एक टक्का कमी व्याज, असले नियम मी मराठीतच देते. संस्थेचा ठराव मराठीत असतो, इंग्रजी करण्याच्या नादात त्यातली अट गळायला नको. व्हेरिएबलची नावं मात्र अस्सल इंग्रजी ठेवायला सांगा, नाहीतर ‘व्याज’चं रोमन स्पेलिंग तीन फायलींत तीन तऱ्हांचं निघतं.