खमराह, खुमारी आणि खमीर

प्रश्न असा: 'खमराह' नावाचं अमिरातीतलं परफ्यूम सध्या फार चालतंय. 'किलियन' ह्या फ्रेंच परफ्यूम कंपनीच्या महागड्या 'एंजल्स शेअर'ची ती स्वस्त नक्कल, असं लोक म्हणतात. खमराहचा अर्थ काय, आपल्या 'खुमारी'शी त्याचं काही नातं आहे का, आणि अशा मालाला 'नक्कल' म्हणावं का?

नातं आहे, आणि अगदी सख्खं. अरबीत 'खम्र' म्हणजे मद्य, 'खम्रा' हे त्याचंच एक रूप. इंग्रजी स्पेलिंगवरून वाचताना आपण त्याचं 'खमराह' केलं. धातू ख-म-र, अर्थ झाकणे. डोकं झाकते ती ओढणी 'खिमार', आणि अकलेवर पडदा टाकतं ते 'खम्र', अशी जुन्या अरबी कोशकारांची फोड. ह्याच घरातला 'खुमार' फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मुळात खुमार म्हणजे दारू उतरताना होणारा त्रास, जड डोकं वगैरे. मराठीने तो त्रास गाळला आणि झिंग तेवढी ठेवली. म्हणून 'मैफलीची खुमारी दोन दिवस उतरली नाही' ही आपल्याकडे तक्रार नसते, दाद असते. पीठ आंबवायचं 'खमीर'ही ह्याच धातूचं. 'त्याच्यात तेवढं खमीर नाही' असं आपण एखाद्याबद्दल म्हणतो, तेही हेच.

आता नावातली गंमत. कोन्याक ही फ्रेंच ब्रँडी ओकच्या पिंपात मुरत असताना तिच्यातलं दरवर्षी सुमारे दोन टक्के हवेत उडून जातं. पिंपवाले त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात, तोच हा 'एंजल्स शेअर'. कंपनीचा संस्थापक किलियन हेनेसी हा कोन्याकवाल्या घराण्यातलाच, त्यामुळे २०२० साली आलेल्या परफ्यूमला हे नाव शोभलं. 'लताफा' कंपनीचं खमराह २०२२चं. वास तर त्या वळणाचा आहेच, नावही मद्याचंच निघालं. (लताफा म्हणजे नाजूकपणा, 'लुत्फ' हा त्याचा भाऊ.)

'नक्कल' मात्र मला पटत नाही. 'फर्स्ट कॉपी' तर नाहीच नाही. तिच्यात नाव, खोका, बाटली सगळंच उचललेलं असतं. इथे नाव स्वतःचं आहे, आणि वासही हुबेहूब नाही. दालचिनी, प्रालिन (साखरेत घोळलेल्या सुक्यामेव्याची मिठाई), टोंका (व्हॅनिलासारख्या वासाचं बी) दोन्हीकडे, पण खमराहमध्ये खजूर आहे, जायफळ आहे. पहिल्या फवाऱ्याला पुरणाची आठवण आली तर दोष नाकाचा नाही! 'प्रेरित' म्हणाल तर तो शब्द सत्काराच्या भाषणातला वाटतो. त्यापेक्षा 'बेतलेलं' घ्या. शिंपी मापावर कापड बेततो, परभाषेतल्या नाटकावर मराठी नाटक बेततात, तसं हे एंजल्स शेअरवर बेतलेलं परफ्यूम. मूळ कुठलं ते कळतं आणि चोरीचा आळही येत नाही. बोलताना 'त्याच्या वळणाचं' म्हटलंत तरी चालेल. दुकानदार 'त्या टाइपचं' म्हणतात, त्यातही काही वावगं नाही.

'अत्तर' तेवढं म्हणू नका. अत्तर तेलातलं, बोटाने मनगटाला लावायचं. हे अल्कोहोलमधलं, म्हणजे नावाला जागणारं.