ड्युटी सांभाळून एनक्लेक्स-आरएनचा अभ्यास कसा करावा?

गोव्यात बी.एस्सी. नर्सिंग झालंय, वॉर्डात ड्युटी चालू आहे आणि अमेरिकेत नर्स म्हणून काम करायला लागणाऱ्या परवाना परीक्षेसाठी, म्हणजे एनक्लेक्स-आरएनसाठी, कुठलं पुस्तक आधी वाचू, असं तुम्ही विचारलंय. मी फोंड्यात राहून, नोकरी करतच ही परीक्षा दिली. माझं स्पष्ट मत: पुस्तक नंतर, आधी प्रश्न सोडवायला घ्या.

आपल्याकडे पेपरात लक्षणं लिहा, कारणं लिहा असं येतं. एनक्लेक्समध्ये विचारतात, आधी काय कराल? समजा चार पेशंट आहेत. एकाची शुगर 210, एकाचे ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी टाके दुखताहेत, एक डिस्चार्जची वाट बघतोय, आणि कालच थायरॉइड काढलेली बाई म्हणते, ओठांभोवती मुंग्या येताहेत. वॉर्डात जो जास्त ओरडतो त्याच्याकडे आपण आधी धावतो. पण जायचं त्या बाईकडे. शस्त्रक्रियेत थायरॉइडला लागून असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झाली तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं. मुंग्या ही सुरुवात; पुढे स्वरयंत्र आवळून श्वासच अडकू शकतो. उत्तर बरोबर आलं तरी बाकीचे तीन मागे का, हे कळल्याशिवाय पुढचा प्रश्न घेऊ नका. नाइटनंतर नीट झोपा, मग थोडेच प्रश्न करा, पण असे करा.

ते कारण मराठीत मोठ्याने कुणाला तरी सांगून बघा. आपल्यापैकी बऱ्याच जणी चौथीपर्यंत मराठीतून शिकलोय. पाठ केलेलं इंग्रजी वाक्य मराठीत सांगताना अडलं, की तेवढाच भाग पुस्तकातून वाचायचा.

औषधांची नावं वेगळी करून लिहा: पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. आणि कामाची वाटणी! आपल्याकडे पेशंटचं बरंचसं नातेवाईकच करतात, त्यामुळे सहायकाला काय सांगायचं याची सवय नसते. स्थिर पेशंटची आंघोळ, बीपी चालतं. पेशंटचं मूल्यांकन आणि त्याला शिकवणं नर्सनेच करायचं.

परीक्षा संगणकावर, पाच तासांची, 85 ते 150 प्रश्न. मागे जाता येत नाही. उत्तरं बरोबर येतील तसे प्रश्न अवघड होतात, तेव्हा अवघड आले म्हणून घाबरू नका. एप्रिल 2023 पासून केस स्टडीही असतात.

कॉलेज आणि नर्सिंग कौन्सिलकडून होणाऱ्या कागदपत्रांच्या पडताळणीला फार वेळ जातो. अभ्यास संपायची वाट न बघता तो अर्ज आत्ताच टाका.