गाडी आणि तुम्ही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, मी जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडं दोन पिकअप आहेत, एक २०१७ ची बीएस-४ आणि एक मागच्या वर्षी घेतलेली बीएस-६. नारायणगावचा टोमॅटो भरून माळशेज घाटानं कल्याणला जातो, गाडी कायम लोडमध्येच. आमचा मेस्त्री दोन्हीला एकाच बादलीतलं ऑईल टाकतो, १५डब्ल्यू-४०, बादलीवर सीआय-४ प्लस लिहिलंय. आता नवीन गाडीचा जाळीसारखा दिवा सारखा लागतोय. मेस्त्री म्हणतो उन्हाळा आहे, लोड आहे, जाड २०डब्ल्यू-५० टाकू. टाकू का?

उत्तर : नका टाकू दादा. तुमचा मेस्त्री जुन्या गाडीच्या हिशोबानं चुकीचा नाहीये, त्या गाडीला हेच ऑईल वर्षानुवर्षं चालत आलंय, पण नवीन गाडीत एक भाग जास्तीचा आहे आणि सगळा घोळ तिथं आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुरावरचे जास्त कडक नियम आले, आणि डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या लाईनमध्ये डीपीएफ नावाची गाळणी आली. इंजिनातली काजळी ती अडवते, आणि ठराविक भरली की गाडी स्वतःच गाळणी तापवून, साधारण ६०० डिग्रीपर्यंत, ती काजळी जाळून टाकते. ही झाली डिझेलची काजळी. पण इंजिन थोडंफार ऑईलही जाळतंच, आणि ऑईलमध्ये इंजिन साफ ठेवायला कॅल्शियम, झिंक असली द्रव्यं घातलेली असतात, ती जळली की राख उरते. चुलीचंच बघा ना, लाकूड जळतं, कोळसा जळतो, पण राख परत पेटवली तर पेटते का? तसंच, डीपीएफमध्ये साचलेली राख गाडी कितीही तापली तरी जात नाही, ती हळूहळू भोकं बुजवत जाते, मग गाळणी लवकर भरते आणि तुमचा तो दिवा वरचेवर लागतो.

म्हणून बीएस-६ ला कमी राखेचं ऑईल लागतं. कॅनच्या मागं एपीआयच्या (ऑईलचा दर्जा ठरवणारी अमेरिकेची संस्था) पुढची अक्षरं वाचा. सीआय-४ प्लस हे डीपीएफच्या आधीच्या जमान्यातलं, सीके-४ मध्ये राखेवर मर्यादा आहे, १ टक्का. १५डब्ल्यू-४० दोन्हीवर लिहिलेलं असतं आणि माणूस तिथंच फसतो, तो आकडा फक्त जाड-पातळपणाचा आहे, आत काय घातलंय ते त्यात कळत नाही.

आता काय करायचं तर आधी गाडीचं पुस्तक काढा, डिकीत पिशवीत पडलं असेल. काही बीएस-६ गाड्यांना ५डब्ल्यू-३० लागतं, तसं असेल तर तेच टाका. पुस्तकात १५डब्ल्यू-४० सीके-४ असेल तर तुमचं काम सोपं, कारण सीके-४ जुन्या गाडीलाही चालतं, म्हणजे एकच बादली ठेवायची तर ती सीके-४ ची ठेवा, चार पैसे जास्त जातील पण मेस्त्रीकडून अदलाबदलीची भीती नाही. आत्ताचं ऑईल फिल्टरसकट बदला, घाबरू नका, राख एका दिवसात साचत नाही. दिवा मात्र आधी सर्व्हिस सेंटरला स्कॅन करून घ्या, सेन्सर किंवा इंजेक्टरचीही भानगड असू शकते, सगळं ऑईलच्या माथी मारू नका.

आणि जाड ऑईल टाकलं म्हणजे लोड जास्त ओढेल असं काही नसतं. उलट डिसेंबरात पहाटे चारला थंड इंजिनावर जाड ऑईल टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापर्यंत, उशिरा पोचतं, आणि टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला तेवढा वेळही कोरडं राहणं परवडत नाही.

अजून एक, दर आठवड्याला सपाट जागेवर इंजिन थंड असताना ऑईल मोजायची पट्टी काढून बघा. ऑईल कमी होणं आपल्याला कळतं, पण बीएस-६ मध्ये कधीकधी ते वाढतं! काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते आणि तेवढ्यात तुम्ही चावी बंद केली, असं वारंवार झालं की ते डिझेल खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं. पट्टीवर ऑईल मॅक्सच्या खुणेच्या वर गेलं आणि वास डिझेलचा आला तर किलोमीटर मोजत बसू नका, ऑईल लगेच बदला.

प्रश्न : डिझेल पिकअपचं नवीन ऑईल ५०० किलोमीटरमध्येच काळं झालं. डुप्लिकेट असेल का?

उत्तर : नुसत्या काळ्या रंगावरून डुप्लिकेट म्हणता येणार नाही. डिझेल इंजिनात काजळी होतेच आणि ती धरून ठेवणं हे ऑईलचं कामच आहे, काळं झालं म्हणजे ते काम करतंय. तरी डुप्लिकेटची शंका काढली ते बरं केलंत. मी स्वतः एका गॅरेजबाहेर बघितलंय, भंगारवाला रिकामे कॅन वेचत होता आणि झाकणासकट, लेबल न फाटलेले तेवढेच बाजूला ठेवत होता, त्यांना जादा भाव देत होता. ते कॅन कुठं भरायला जात असतील ते तुम्हीच ओळखा. त्यामुळं ऑईल सीलबंद घ्या, बिल घ्या, सील तुमच्यासमोर तोडायला सांगा, आणि रिकामा कॅन तिथं सोडून येण्याआधी स्क्रू ड्रायव्हरनं तळाला दोन भोकं पाडून लेबल फाडून टाका.