वेलस्लीची पत्रे आणि गोदाकाठची गावे

प्रश्न : 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल आर्थर वेलस्लीने लिहिलेली पत्रे मी सध्या वाचत आहे. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले आणि दौलतराव शिंदे यांचे घोडदळ औरंगाबाद, जालना आणि गोदाकाठच्या गावांवर येण्याची धास्ती असतानाही त्याने गावोगावी फौज बसवलेली दिसत नाही. मग या गावांच्या रक्षणाचा त्याचा विचार कोणता होता?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : फौज गावोगावी वाटली तर ती प्रत्येक ठिकाणी अपुरी पडेल आणि चपळ घोडदळ हवे ते गाव निवडून लुटेल, असा त्याचा हिशेब होता. लांबलेले बचावाचे युद्ध आपल्याला बुडवील, तेव्हा जवळ येईल त्या पहिल्या तुकडीवर तुटून पडा, अशा आशयाचे त्याने दुसऱ्या इंग्रज फौजेचा सेनापती कर्नल स्टीव्हन्सन याला लिहिले आहे. अहमदनगरचा किल्ला मात्र त्याने 12 ऑगस्टला घेतला आणि हाताशी ठेवला, कारण पुण्याकडून येणारी रसद त्याच वाटेवर होती.

ऑगस्टच्या अखेरीस शिंदे-भोसल्यांचे सैन्य अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखात शिरले, तेव्हा त्याला सर्वांत मोठी चिंता हैदराबादची होती. इंग्रजांचा दोस्त असलेला हैदराबादचा निजाम अली 6 ऑगस्टला वारला होता आणि सिकंदर जाह नुकताच गादीवर आला होता. अशा वेळी शत्रू गोदावरी ओलांडून दक्षिणेकडे गेला असता तर सगळा डाव उलटला असता. म्हणून वेलस्ली औरंगाबादेत थांबून न राहता गोदेच्या डाव्या तीराने पूर्वेकडे सरकला आणि शत्रूची वाट अडवून बसला. शत्रू जालन्याच्या उत्तरेकडे मागे वळला. शहराच्या तटावर एकही तोफ न वाढवता शहर वाचवण्याची ही रीत होती.

या रीतीची खरी कसोटी मात्र बैलांवर होती. त्याच्या पत्रांत लढाईपेक्षा तांदूळ, बैल, बंजाऱ्यांचे तांडे आणि नदी उतरायला लागणाऱ्या कातड्याने मढवलेल्या टोपल्या यांचाच उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. वेलस्लीने सप्टेंबरात जिंकलेल्या असईच्या लढाईनंतर, ऑक्टोबरच्या अखेरीस, रघुजी भोसले गोदेकडे उतरले आणि त्यांनी सुमारे पाच हजार स्वार अंबडजवळच्या रसदेवर धाडले. हजारो बैलांच्या त्या रसदेबरोबर थोडेच शिपाई होते, तरी 31 ऑक्टोबरला त्यांनी हल्ला परतवला. भोसल्यांची चाल योग्य होती, हे नागपूरकर म्हणून नव्हे, तर नकाशा पाहून म्हणतो. रसद हाती लागली असती तर वेलस्लीचे चालते सैन्य जागच्या जागी थिजले असते.

निजामाच्या किल्लेदारांविषयी त्याचा संताप याच काळातला आहे. दोस्त असूनही दौलताबादेत जखमींना जागा मिळाली नाही, म्हणून इस्पितळ अजिंठ्याला न्यावे लागले. ज्यांच्या तटबंदीवर गावांनी विसंबायचे, तेच दार उघडत नव्हते.

शेवटी त्याने धास्तीची दिशाच बदलली. आडगावची लढाई जिंकल्यानंतर त्याचे सैन्य थेट भोसल्यांच्या गाविलगडावर गेले, 15 डिसेंबरला गड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरच्या हातून गेला.