लाल वर्तुळांची वही

“मॅडम, एकदाच खरं सांगा. मला डायबेटिस झालाय की नाही?”

खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं. खांद्यावर अकरा आठवड्यांचा मुलगा झोपलेला, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतून ग्लुकोमीटर, पट्ट्यांची डबी आणि एक वही निघाली. तिला इथे मी अनघा म्हणते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही.

मधुमेहाच्या समुपदेशनात पेशंटच्या वह्या पाहायची मला सवय आहे, बहुतेक अर्ध्यावर सोडलेल्या असतात. हिची काठोकाठ भरलेली होती. बाळंतपणानंतरचा एकही दिवस चुकला नव्हता. उपाशीपोटी, नाश्त्यानंतर, जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना. एका ओळीत लिहिलं होतं, ‘रात्री ३.१०, बाळ रडलं, उठले, ८८’. काही आकड्यांभोवती लाल पेनाने वर्तुळं होती, एकेक दोन-तीनदा गिरवलेलं. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर काळे ठिपके पडले होते, दिवसाला पाच-सहा वेळा टोचून घेतल्याचे.

“ही वर्तुळं कसली?”

“एकशेवीसच्या वर गेले ना, ते सगळे.”

इथे मला पहिला धागा सापडला. जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत आणि उपाशीपोटी ९५ च्या आत, ही मर्यादा गरोदरपणातली. पोटातल्या बाळासाठी ती मुद्दाम कडक ठेवलेली असते. बाळंतपण झालं की ती लागू राहत नाही, पण तसं अनघाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यात घरच्या मीटरचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असला तरी तो मीटर प्रमाणित धरला जातो. म्हणजे तिचा १२४ खरा ११० ही असू शकतो आणि १४० ही. आणि या वर्तुळांपायी ती जेवण तोडत होती. अंगावर पाजणारी बाई दुपारी अर्धपोटी राहून संध्याकाळी परत बोट टोचत होती.

मी वही मिटली आणि डिस्चार्ज कार्ड मागितलं.

सव्विसाव्या आठवड्यात ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत शुगर जास्त निघाली होती. पुढे पाच आठवडे नुसत्या आहारावर भागलं, मग रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. बाळंतपण व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, “इन्सुलिन बंद. गेला तुमचा डायबेटिस.” कार्डावर मात्र अगदी तळाशी, शिक्क्याखाली अर्धी दडलेली ओळ होती: ६ आठवड्यांनी जीटीटी. म्हणजे ग्लुकोज पाजून पुन्हा तपासणी.

“ही केली?”

ती गप्प. मग म्हणाली, “एचबीएवनसी केली होती, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची. पाच पॉइंट चार. घरातले म्हणाले, नॉर्मल आहे, आता पुरे.”

“आणि ही?”

“दिसली होती मला ती ओळ.” तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “पण तो आकडा एकदा आला असता ना, तर मग परत फिरता आलं नसतं.”

अकरा आठवड्यांत चारशेच्या वर वेळा बोट टोचलेलं, आणि ज्या एका तपासणीने उत्तर मिळालं असतं तीच टाळलेली. हे मला नवीन नाही. सहाव्या आठवड्याची भेट बाळाच्या लसीची असते, टाक्यांची असते. आईची शुगर ही तेव्हा कुणाचीच जबाबदारी उरत नाही. प्रसूतितज्ज्ञांच्या लेखी केस संपलेली, बालरोगतज्ज्ञांच्या लेखी पेशंट बाळ, आणि आईला तर झोपेचीच मारामार. ही तपासणी हुकते ती बहुतेक वेळा विसरण्यामुळे. अनघाची गोष्ट मात्र वेगळी होती.

तिच्या आईला पंचवीसेक वर्षांपासून मधुमेह आहे. एका डोळ्याची दृष्टी त्यात गेली. आणि घरात लहानपणापासून एक वाक्य ऐकत ती वाढली होती: ‘तू पोटात होतीस ना, तेव्हापासून लागला हा.’ रागाने नव्हे, सहज, वय सांगावं तसं. “माझ्यामुळे आईला झाला,” अनघा म्हणाली, “आणि उद्या मी याला तेच सांगणार.” मुलाच्या पाठीवरचा तिचा हात तेवढ्यापुरता थांबला.

नेहमीचा प्रश्न ‘गरोदरपणात शुगर वाढली होती, आता पुढे मला मधुमेह होणार का?’ एवढाच असतो. त्याच्या आड हा दुसरा असेल असं मला सुरुवातीला वाटलं नव्हतं. म्हणून आधी या दुसऱ्याचंच बोललो.

गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) जी संप्रेरकं तयार करते, त्यांच्यामुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होऊ लागतो. साखर आईच्या रक्तात थोडी जास्त वेळ राहावी आणि बाळाला मिळावी, अशी ही सोय आहे. ती सगळ्याच गरोदर बायकांत होते. तिला तोंड द्यायला शेवटच्या महिन्यांत स्वादुपिंडाला एरवीच्या दोन-अडीचपट इन्सुलिन बनवावं लागतं. बहुतेकींचं स्वादुपिंड ते निभावतं. ज्यांची शिल्लक मुळात बेताची असते, त्यांची शुगर वर जाते. शिल्लक कमी असण्याची कारणं त्याच्या कितीतरी आधीची असतात: घराण्यातला वारसा, वय, वजन, आणि काहींच्या बाबतीत यातलं काहीच ठळक दिसत नाही. सडपातळ बायकांनाही होतो. पूर आला की बांध कुठे कच्चा आहे ते कळतं. बांध पुराने कच्चा केलेला नसतो, आणि पाणी ओसरलं म्हणून तो पक्काही होत नाही.

“म्हणजे सिस्टर खोटं बोलल्या?”

खोटं नाही, अर्धं. वार पडली की तो दाब उतरतो, शुगर खाली येते, इन्सुलिन थांबतं. त्या अर्थाने ‘गेला’ खरं आहे. पण स्वादुपिंड तेच असतं. माझं स्पष्ट मत आहे की ‘गेला’ हा शब्द डिस्चार्जच्या वेळी वापरूच नये. ऐकायला गोड लागतो आणि कार्डावरची तळाची ओळ पुसून टाकतो.

गंमत अशी की गरोदरपणात ग्लुकोज पाजून करायच्या तपासणीचा जन्मच आईच्या पुढच्या आयुष्याची काळजी करण्यातून झाला. १९६४ साली बॉस्टनच्या ओ’सलिव्हन आणि महान या दोघांनी ७५२ गरोदर स्त्रियांना ग्लुकोज पाजून त्यांची रक्तशर्करा मोजली आणि त्यावरून मर्यादा बसवल्या. त्या मर्यादांचा कस त्यांनी लावला तो एका प्रश्नावर: यातल्या कोणाला पुढे मधुमेह होतो? बाळाच्या वजनाचा आणि बाळंतपणातल्या अडचणींचा हिशेब मुख्य धरून मर्यादा नव्याने ठरल्या त्या पुष्कळ नंतर, २०१० च्या सुमारास. अनघाला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला. “म्हणजे ती टेस्ट माझ्यासाठी पण होती?” तिला वाटत होतं, सगळं बाळासाठीच चाललंय.

मग आकडे. ते मी लपवत नाही, पण नुसते फेकतही नाही. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका आढाव्यात तेरा लाखांहून जास्त स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. गरोदरपणात मधुमेह झालेल्यांना पुढे टाइप टू मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या जवळपास दहापट निघाला. ‘दहापट’ ऐकलं की माणूस वाक्याचा पुढचा भाग ऐकतच नाही. त्याच आढाव्यात वेगवेगळ्या मुदतींनंतर, या स्त्रियांपैकी शंभरात सोळा-सतराजणींना मधुमेह झालेला होता, आणि गरोदरपणात शुगर न वाढलेल्यांपैकी शंभरात दोघींना. मी कागदावर शंभर ठिपके काढले आणि सतरांभोवती रेघ ओढली. अनघाने बाकीचे त्र्याऐंशी बोटाने मोजायला सुरुवात केली. हा आकडा वर्षं जातील तसा वाढतो आणि त्यातही पहिल्या पाच वर्षांत जास्त वेगाने, हेही तेव्हाच सांगितलं. ते दडवून दिलेला धीर मला मान्य नाही.

तपासणी दोन दिवसांनी झाली. उपाशीपोटी एक सुई, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, दोन तास बसून राहणं, पुन्हा सुई. बाळाला सांभाळायला नवरा बरोबर आला होता. मधे पाजायचं की नाही याची तिला चिंता होती. जरूर पाजायचं, फक्त स्वतः काही खायचं नाही.

उपाशीपोटी ९८. दोन तासांनी १५६.

उपाशीपोटीचा आकडा १०० च्या आत, म्हणजे नॉर्मल. दोन तासांनंतरचा १४० च्या आत हवा होता, आणि २०० किंवा त्यापुढे असता तर मधुमेह. १५६ हा मधल्या पट्ट्यातला, ज्याला आता सगळे प्रीडायबेटिस म्हणतात. नुसती उपाशीपोटीची शुगर केली असती तर ‘सगळं ठीक’ म्हणून ती घरी गेली असती. आणि एचबीएवनसीचं म्हणाल तर बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत ती फसवी असते. रक्त गेलेलं असतं, तांबड्या पेशी नव्याने तयार होत असतात, आणि नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. आकडा खोटाच कमी दिसतो. म्हणून तेव्हा ग्लुकोजची तपासणी, तिला पर्याय नाही.

अनघा रडली, थोडा वेळ. मी पाणी पुढे केलं आणि गप्प बसले. मग तिनेच विचारलं, “आता वही?”

वही बंद. घरी टोचणं बंद. हे माझं एकटीचं नव्हे, तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं. या पट्ट्यात रोजच्या आकड्यांनी काही कळत नाही, फक्त भीतीला खाद्य मिळतं. त्याऐवजी वर्षातून एकदा पुन्हा हीच तपासणी. ज्यांची नॉर्मल येते त्यांनीही ती एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर करत राहायची असते. मधेच खूप तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन उतरणं असं काही झालं तर मात्र तारखेची वाट पाहायची नाही.

आणि रोज काय? पूर्वी मी इथे छापील तक्ता देत असे. आता देत नाही, कारण तीन महिन्यांचं मूल असलेल्या बाईला आठवड्याला दीडशे मिनिटं चालायला सांगणं सोपं आणि ती मिनिटं शोधणं अशक्यप्राय. आम्ही दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडले, जेवणानंतरचे. जेवण तोडणं थांबवलं. पाजणं चालू ठेवायचं होतंच. जास्त काळ अंगावर पाजणाऱ्या आयांमध्ये पुढच्या मधुमेहाचं प्रमाण कमी दिसलेलं आहे. (ज्यांना पाजता आलं नाही त्यांनी या वाक्याने स्वतःला झोडपून घेऊ नये.) वजन सावकाश, आधीच्या वजनापर्यंत.

तिच्या नवऱ्याने विचारलं, याने खरंच फरक पडतो का? रास्त प्रश्न. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या मोठ्या प्रयोगात प्रीडायबेटिस असलेल्या साडेतीनशे स्त्रिया अशा होत्या, ज्यांना गरोदरपणात मधुमेह होऊन गेला होता. चालणं आणि आहार यांनी त्यांच्यातला मधुमेह होण्याचा धोका जवळपास निम्म्याने कमी झाला, मेटफॉर्मिन गोळीनेही साधारण तेवढाच. मला त्यातली आवडती गोष्ट वेगळीच आहे. या बायकांचं वजन प्रयोगातल्या इतर बायकांइतकं उतरलं नव्हतं, तरीही फायदा झाला. मेटफॉर्मिनचा विचार अनघाच्या डॉक्टरांनी तूर्त बाजूला ठेवला.

चौदा महिन्यांनी ती परत आली. चालण्यात मधे चार महिन्यांचा खंड पडला होता, तिने आपणहून सांगितलं. उपाशीपोटी ९६, दोन तासांनी १४७. पट्टा तोच. या वेळी रडली नाही. तिला दुसऱ्या मुलाबद्दल विचारायचं होतं. गरोदरपणातला मधुमेह झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पुढच्या खेपेला तो पुन्हा होतो, म्हणून दिवस राहण्याआधी तपासणी, आणि राहिल्यावर सव्विसाव्या आठवड्याची वाट न पाहता अगदी सुरुवातीलाच, एवढं मी तिला लिहून दिलं.

बरोबर तिची आई होती. सगळं बोलणं त्यांनी मान किंचित तिरकी करून, चांगल्या डोळ्याची बाजू माझ्याकडे ठेवून ऐकलं. निघताना दारात थांबल्या.

“म्हणजे मला झाला तो हिच्यामुळे नव्हता?”

“नाही. तो आधीपासून वाटेवर होता. ही पोटात होती तेव्हा फक्त दिसला.”

त्या काही बोलल्या नाहीत. वाकून नातवाच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढला. अनघाने बाळाचं लसीकरणाचं कार्ड उघडलं आणि लसींच्या रकान्यांखाली, उरलेल्या जागेत, स्वतःच्या पुढच्या तपासणीचा महिना लिहिला. लाल पेनानेच.