मुलगी 'असली' कॉमिक्स वाचते म्हणजे बिघडली का?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या पोरींच्या आणि त्यांच्या आयांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकते. पोरगी मोबाईलवर बायकाबायकांच्या प्रेमाची कॉमिक्स वाचते, कधीतरी आईला ते दिसतं, आणि मग घरात एकच घोषा, वाचून वाचून अशी झाली! पोरींची काळजी जरा वेगळी असते. मॅडम, मी नुसती वाचतच बसते, हे पळून जाणं आहे का?

एकीचं सांगते, तिला विचारून आणि ओळखू येईल असं सगळं बदलून. तिशीच्या आतली, बँकेत नोकरीला. आपल्याला बायका आवडतात हे तिला कॉलेजपासून पक्कं माहीत होतं, त्याबद्दल तिचा काही गोंधळ नव्हता. लाज वाटायची ती वाचण्याची. जपानी 'यूरी' कॉमिक्स, म्हणजे बायकांच्या आपसातल्या प्रेमाच्या गोष्टी, रात्री घर झोपलं की ही वाचत बसायची. पहिल्या भेटीतच म्हणाली, "मला ही सवय सोडायची आहे."

मी लगेच सोडवायच्या मागं लागत नाही. माणूस एखादी गोष्ट परत परत करतो तेव्हा त्यातून त्याला काहीतरी मिळत असतं, ते काय हे आधी कळलं पाहिजे, असं मी इतकी वर्षं मानत आलेय आणि त्याचा मला कायम उपयोग झालाय. म्हणून विचारलं, सगळ्यात जास्त वेळा कुठलं पान वाचलंस?

मला वाटलं होतं प्रेमाच्या कबुलीचं सांगेल. ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "ते मी पटपट पुढं ढकलते. एकीला ताप येतो आणि दुसरी तिला पेज करून देते, आणि मग लाइट बिल कुणी भरायचं यावरून दोघी भांडतात. तेवढं मी कितींदा वाचलं असेल."

मी म्हटलं, "अशा दोघी, चाळिशीतल्या, एका घरात राहणाऱ्या, तू कुठं बघितल्यास?"

"कुठंच नाही ओ मॅडम." आणि रडायला लागली.

या रडण्याशी मी बराच वेळ थांबले, पुढच्या दोनतीन भेटी त्यावरच गेल्या. कारण तिला काय मिळत होतं ते तिथं उघडं पडलं. आपल्याकडं १९८१ साली विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' हे नाटक लिहिलं, बाईवर प्रेम करणाऱ्या मित्रा नावाच्या मुलीचं, मोठं धाडस होतं ते, पण त्यातल्या मित्राचा शेवट मरणातच होतो. जपानातही १९७१ सालच्या ज्या कॉमिकला पहिलं यूरी म्हणतात त्यात दोघींतली एक मरतेच. जगलेल्या बायकांच्या गोष्टी, ऑफिसला जाणाऱ्या, भाडं भरणाऱ्या, म्हाताऱ्या होऊ बघणाऱ्या, या मागाहून वाढत गेल्या आणि माझ्यासमोरची मुलगी नेमक्या त्याच शोधून काढत होती. आपलं म्हातारपण कसं असेल हे ती बघत होती. याला मी पळवाट म्हणणार नाही.

मग आई आल्या. कागलकडच्या, सरळ बाई. "मॅडम, ते वाचून अशी झाली व्हय?" मी विचारलं, तुमच्या घरात रोज संध्याकाळी मालिका लागतात, त्यात आजवर किती बाप्यांची आणि बायकांची लग्नं लागली, ती सगळी बघून तिला नवरा हवासा वाटला का? आई काही बोलल्या नाहीत. मग हळूच खरं ते आलं, "आमच्या माघारी ही आजारी पडली तर हिला पाणी कोण देणार?"

लेक मान वर करून आईकडं बघतच राहिली. तिचं पान आणि आईची भीती एकच होती, आणि दोघी एकाच घरात वर्षभर एकमेकींपासून ते लपवत होत्या! मी तेव्हा फार बोलले नाही. मुलीनं मोबाईल काढून ते पेजेचं पान आईला दाखवलं.

आता तुमच्यासाठी. मोबाईल हिसकावू नका, काय आवडतं ते विचारा. झोप मोडत असेल, कामावर खाडे होत असतील तर त्यावर जरूर बोला, पण मग ते जागरणाबद्दलचं बोलणं असू दे. कुणी 'बरी करून देतो' म्हणालं तर तिथून उठा. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असं आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलंय. २०१८ पासून असं नातं हा गुन्हाही नाही. अशा लग्नाला मात्र २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मान्यता दिली नाही, त्यामुळं 'माघारी कोण' ही आईची काळजी खोटी नाही आणि ती पोरीवर ढकलून चालत नाही, त्याची तजवीज करावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत जॉइंट खातं काढता येतं, एकमेकांना नॉमिनी लावता येतं. आमच्या या मुलीला ते बँकेतच असल्यामुळं माहीत होतं, आईला तिनंच समजावून सांगितलं. त्याच्या जोडीला मृत्युपत्र करा आणि आपला मेडिक्लेम काढा.

आईंना अजून सगळं पटलेलं नाही. पाहुण्यांत सांगू नको म्हणतात, आणि पोरीनं ते सध्या मान्य केलंय. स्थळं आणणाऱ्या मावशीला काय सांगायचं यावर आम्ही आता बोलतोय. 'ती आत्ता लग्नाचं बघत नाही' एवढंच सांगायचं आणि ते आईंनी सांगायचं, असं ठरतंय.